जुन्या ग्रंथाचे मोल

इंदुराहून उज्जैनीकडे जाणारा सांवेर रोड आज कारखान्यांचा, गोदामांचा आणि मालमोटारींचा रस्ता म्हणून ओळखला जातो. हाच रस्ता पुढे ज्या नगरीत पोहोचतो तिथे सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात बांधलेली वेधशाळा उभी आहे, आणि १९३१ साली स्थापन झालेल्या सिंदिया प्राच्यविद्या संस्थेत हजारो हस्तलिखिते जपून ठेवली आहेत. आमच्या इंदुरातही विद्येची परंपरा लहान नाही. १८७८ साली येथे वैद्यकीय शाळा सुरू झाली, आणि तेव्हापासून डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या या शहरात नांदल्या. त्यांच्याही आधीपासून वैद्यांची घराणी होतीच. अशा घरांच्या माळ्यांवर जुने वैद्यकग्रंथ आणि औषधींच्या पोथ्या असणे साहजिक आहे. वडील माणूस गेले, वाडा पाडावयाचा ठरला, की या ग्रंथांचे काय करावे असा प्रश्न पडतो. मग कोणी ते रद्दीवाल्याच्या तराजूत टाकतो, तर कोणी जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला बोलावतो. पहिला किलोचा भाव सांगतो. दुसरा चित्रे किती आहेत ते मोजतो.

या दोघांनाही न दिसणारे असे काही त्या ग्रंथात असते काय? विज्ञान आणि वैद्यक यांवरील जुन्या ग्रंथांना जगभर मोठी किंमत येते. पण शास्त्र तर नित्य पुढे जाते. तीनशे वर्षांपूर्वीचे औषधशास्त्र वाचून आज कोणी रोग्यावर उपचार करणार नाही. मग या ग्रंथांचे मोल नेमके कशात आहे? या प्रश्नाचे उत्तर इतिहासातील काही उदाहरणांवरून शोधू या.

पहिले उदाहरण गोव्याचे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यास आला आणि अखेरपर्यंत तेथेच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याला वैद्य म्हणून मान होता, आणि मुंबईचे बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. तीस वर्षे त्याने या देशातील औषधी पाहिल्या, चाखल्या, बाजारात त्यांची चौकशी केली. कोरफड, हिंग, सुपारी, धोतरा, आंबा यांवरील हे सर्व ज्ञान त्याने संवादरूपाने लिहिले, आणि १० एप्रिल १५६३ रोजी ते पुस्तक गोव्यातच छापून प्रसिद्ध झाले. गोव्यात छापखाना येऊन तेव्हा अवघी सात वर्षे झाली होती. छपाई इतकी सदोष होती की शेवटी शुद्धिपत्राची पानेच्या पाने जोडावी लागली.

पण त्या सदोष छपाईआड एक निर्भय मन होते. ग्रीक आचार्यांनी काय लिहिले यापेक्षा आपण डोळ्यांनी काय पाहिले याला ओर्ताने अधिक प्रमाण मानले. युरोपात तसे बोलण्याचे धाडस आपल्याला झाले नसते, असेही तो सुचवितो. त्याच्या ग्रंथात मालुपा नावाचा गोव्यातील हिंदू वैद्य येतो आणि मानाने बोलतो. पटकीच्या रोगाचे त्याने केलेले वर्णन तर प्रसिद्धच आहे. त्या रोगाला त्याने दिलेले देशी नाव आपल्या मोडशीचेच रूप आहे. पोर्तुगीजांच्या तोंडी तिचे ‘मोर्देशिम’ झाले, आणि पुढे फ्रेंचांनी त्याचा उच्चार असा फिरविला की त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ ‘कुत्र्याचे मरण’ असा निघू लागला. आजीबाईच्या तोंडचा शब्द अशा रीतीने युरोपच्या वैद्यकात जाऊन बसला.

या ग्रंथकर्त्याचे पुढे काय झाले? ओर्ता हा मूळच्या यहुदी घराण्यातील, सक्तीने ख्रिस्ती झालेल्यांच्या वंशातील होता. १५६८ साली तो वारला. दुसऱ्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, धर्मन्यायालयाने गोव्यात जिवंत जाळविले. आणि १५८० साली त्याची स्वतःची हाडे थडग्यातून उकरून काढून जाळण्यात आली. मी स्वतः ख्रिस्ती आहे. धर्माच्या नावाने झालेले हे कृत्य सांगताना मान खाली जाते. पण म्हणूनच ते सांगितले पाहिजे. माणसाची आठवण पुसून टाकण्याचा जेवढा प्रयत्न करता येतो तेवढा येथे झाला.

तरीही ग्रंथ वाचला, आणि तो एका पुस्तकप्रेमी प्रवाशाने वाचविला. शार्ल द लेक्लूज, ज्याला विद्वान मंडळी क्लुसियुस म्हणतात, हा वनस्पतिशास्त्रज्ञ १५६४ च्या सुमारास स्पेन-पोर्तुगालात फिरत असताना त्याच्या हाती ओर्ताच्या ग्रंथाची एक प्रत आली. तिचे मोल त्याने तत्काळ ओळखले. त्याने समासात टिपा लिहिल्या, संवादांची काटछाट केली, मजकुराची नवी मांडणी केली, आणि १५६७ साली अँटवर्पच्या प्लांटिन छापखान्यातून लॅटिन सारानुवाद प्रसिद्ध केला. त्यावरून पुढे इतर भाषांत अनुवाद झाले. गोव्याच्या मूळ छपाईच्या फार थोड्या प्रती आज जगात उरल्या आहेत. त्यांतील क्लुसियुसची स्वतःची प्रत केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे.

ती प्रत अमोल का? जुनी आहे म्हणून खरेच. विरळ आहे म्हणूनही खरे. परंतु तिच्या समासातील अक्षर क्लुसियुसचे आहे, हे तिचे खरे वैभव होय. गोव्याच्या बाजारातील ज्ञान युरोपात कोणत्या दाराने शिरले, ते दार त्या पानांवर प्रत्यक्ष दिसते. एखाद्या व्यापाऱ्याने ‘पुस्तक मळलेले दिसते’ म्हणून ते समास कापून नवी बांधणी केली असती, तर पुस्तक सुबक झाले असते आणि साक्षीदार मुका झाला असता.

हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने पाहावयाची तर तंजावरास गेले पाहिजे. व्यंकोजीराजांच्या वंशातील सरफोजी दुसरे हे १७९८ ते १८३२ पर्यंत तंजावरच्या गादीवर होते. खरी सत्ता तेव्हा कंपनी सरकारच्या हाती गेली होती. राजाकडे किल्ला, वाडा आणि तनखा एवढेच उरले होते. हाती तनखा आला की राजे लोक काय करीत, हे आपण जाणतो. या मराठी राजाने ग्रंथ विकत घेतले. जर्मन मिशनरी श्वार्ट्झ याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले होते, आणि इंग्रजीवर त्यांचे चांगले प्रभुत्व होते. युरोपातून त्यांनी चार हजारांहून अधिक छापील ग्रंथ मिळविले. १८२० च्या सुमारास काशीयात्रेस गेले तेव्हा तिकडूनही हस्तलिखितांचा मोठा संग्रह घेऊन आले. वाड्यात देवनागरी छापखाना घातला. धन्वंतरी महाल नावाची संस्था काढून देशी आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही वैद्यकांचा अभ्यास चालविला. नेत्ररोग्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे काढवून रोग्यांची हकीकत आणि उपचार यांच्या नोंदी ठेवविल्या, त्या आजही पाहावयास मिळतात.

१८२६ साली बिशप हेबर त्यांना भेटला. लाव्हाझिए, लिनियस, बफाँ यांच्या ग्रंथांविषयी हा राजा इतक्या सहजतेने बोलतो, हे पाहून तो चकित झाला आणि त्याने ते पत्रात लिहून ठेवले. ग्रंथ नुसते कपाटात मांडण्यासाठी नव्हते, याला हा परकीय पाहुण्याचा दाखला. त्याहून मोठा दाखला त्या ग्रंथांवरच आहे. कितीएकांवर राजाची इंग्रजी सही आहे, आणि वैद्यकाच्या ग्रंथांच्या समासात त्यांच्या टिपा आहेत. लंडनात वा पॅरिसात छापलेल्या त्याच पुस्तकाची दुसरी प्रत बाजारात मिळेलही; पण कावेरीकाठचा एक मराठी राजा युरोपचे नवे शास्त्र कोणत्या ओळीशी थांबून वाचीत होता, हे त्या दुसऱ्या प्रतीवरून कळणार नाही.

१८५५ साली राजाला पुरुष वारस नाही म्हणून तंजावरचे राज्य संपुष्टात आले. अशा वेळी राजवाड्यातील ग्रंथ लिलावात निघतात आणि चार दिशांना जातात. सुदैवाने येथे संग्रह एकत्र राहिला. बर्नेल या विद्वान अधिकाऱ्याने त्यातील संस्कृत हस्तलिखितांची सूची १८८० साली प्रसिद्ध केली, आणि १९१८ पासून सरस्वती महाल सर्वांना खुला झाला.

आता कोणी म्हणेल, राजाने घेतले ते ठीक. पण ग्रंथांचा क्रयविक्रय हाच मुळात वाईट नाही का? तसे नाही. विकत घेणाऱ्यांमुळेच असंख्य पोथ्या वाळवीपासून वाचल्या. १८६६ पासून मुंबई सरकारने हस्तलिखिते मिळविण्याचे काम सुरू केले. ब्यूलर, कीलहॉर्न, रामकृष्ण गोपाळ भांडारकर अशा पंडितांनी ती गोळा केली आणि मिळालेल्या ग्रंथांचे अहवाल छापले. तो सारा संग्रह पुढे पुण्याच्या भांडारकर संस्थेत आला. डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी १८८० साली मुंबईत वाग्भटाचे अष्टांगहृदय छापून काढले, तेव्हा पोथीत राहणारा तो ग्रंथ वैद्यकाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला विकत घेता येईल असा झाला. पैसा येथेही होता. मात्र पैशाबरोबर नोंदही होती.

नोंदीवाचून पैसा आला म्हणजे काय होते, याचा धडा मध्य आशियाने दिला आहे. १८९० साली बॉवर नावाचा ब्रिटिश लष्करी अधिकारी एका खुन्याच्या शोधात कुचा या वाळवंटाकाठच्या गावी गेला होता. तेथे त्याने भूर्जपत्रावरील एक जुनी पोथी विकत घेतली. ती कलकत्त्यास डॉ. हर्न्ले यांच्याकडे आली, आणि सुमारे पंधराशे वर्षांपूर्वीचे संस्कृत वैद्यक तिच्यात सापडले. लसणाचे गुण, चूर्णे, तेले, बालरोगांवरील उपाय हे सारे तिच्या पहिल्या तीन भागांत आहे. आज ती ऑक्सफर्डला आहे. तिचा बोभाटा होताच जुन्या पोथ्यांना एकाएकी गिऱ्हाईक आले. मग खोतानच्या इस्लाम आखून नावाच्या माणसाने मालच तयार करण्यास प्रारंभ केला. कागद रंगवावा, धुराने काळा करावा, पानांत वाळू भरावी, वर कोणालाच न वाचता येणारी अक्षरे उमटवावी, आणि वाळवंटातील अवशेषांत सापडले म्हणून विकावे! खुद्द हर्न्ले यांनी या अज्ञात लिपीवर कित्येक महिने डोके झिजविले. अखेर १९०१ साली ऑरेल स्टाइन यांनी त्या माणसाची उलटतपासणी केली, तेव्हा त्याने सारे कबूल केले. पोथी कोठे, कोणाला, कोणत्या स्थितीत सापडली हे आरंभीच विचारले गेले असते, तर हा व्यापार इतका फोफावला नसता.

या साऱ्याचे तात्पर्य उघड आहे. जुन्या शास्त्रग्रंथातील शास्त्र शिळे होऊ शकते. पण तो कोणी लिहिला, कोणी विकत घेतला, कोणी वाचला आणि कोणत्या ओळीशी कोणाचा हात थांबला, ही त्याची साक्ष शिळी होत नाही. म्हणूनच जाणते व्यापारी प्रथम पाने मोजतात, चित्रे पूर्ण आहेत की नाहीत ते पाहतात, मूळ बांधणी तशीच ठेवतात, आणि पूर्वीच्या मालकाचे नाव खोडत नाहीत. उलट ते आपल्या सूचीत छापतात. चित्रांची पाने सुटी करून चौकटीत विकली तर अधिक पैसे मिळतात, हे खरे. मात्र तो ग्रंथाचा व्यापार नव्हे. ती ग्रंथाची कत्तल होय.

श्रोतेहो, आपल्या घरी अशी एखादी पेटी असेल, तर ती उघडण्यापूर्वी थोडे थांबावे. पहिल्या पानावरील आजोबांचे नाव फाडू नये. समासातील टिपा, मध्ये ठेवलेली औषधाची चिठ्ठी, दुकानाचा शिक्का, सारे जिथल्या तिथे राहू द्यावे. ग्रंथ कोणाचा, तो घरात कसा आला, हे वडीलधाऱ्यांना विचारून एका कागदावर लिहून आत ठेवावे. पंचाहत्तर वर्षांहून जुने आणि शास्त्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाचे हस्तलिखित हे १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरते. परवान्यावाचून त्याचा व्यापार करता येत नाही आणि ते परस्पर देशाबाहेरही नेता येत नाही. विकावयाचे असले तरी आधी ते एखाद्या जाणकाराला किंवा संस्थेला दाखवावे. सांवेर रोडने गेले तर उज्जैन काही दूर नाही.

ओर्ताची हाडे जाळणाऱ्यांना त्याचा ग्रंथ संपविता आला नाही, कारण एका वाचकाने तो वेळीच हाती घेतला. आपल्या माळ्यावरील पोथीला शत्रू कोणी नाही. तिला फक्त असा एक वाचक मिळावयाचा आहे. तो आपल्या घरात नसेल, तर जिथे असेल तिथवर ती पोहोचविणे हे आपले काम आहे.