आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर पोटात कळा: कारणे, उपाय आणि धोक्याची लक्षणे

आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी आलेल्या अनेक रुग्णांना पोटात अधूनमधून जोराची कळ येते. आतून पीळ पडल्यासारखे वाटते, काही मिनिटे घाम फुटतो आणि मग कळ ओसरते. आतले टाके तर तुटले नाहीत ना, ही भीती अशा वेळी साहजिक आहे. बहुतेकदा ही कळ आतडे पुन्हा कामाला लागल्याची खूण असते. क्वचित मात्र ती अडथळ्याची किंवा आतल्या गळतीची सूचना असते. हा फरक घरच्यांनाही माहीत असायला हवा.

कळा का येतात?

आतडे लाटेसारखे आकुंचन पावून अन्न पुढे ढकलते. शस्त्रक्रियेत ते हाताळले गेल्यामुळे ही हालचाल काही काळ थंडावते. लहान आतडे साधारण दिवसभरात पूर्ववत होऊ लागते, मोठ्या आतड्याला मात्र ३ ते ५ दिवस लागू शकतात. ‘गॅस पास झाला का?’ असे डॉक्टर रोज विचारतात ते यासाठीच.

सुरुवातीला ही हालचाल सगळीकडे सारखी नसते. मध्येच साठलेला वायू आतडे ताणतो आणि कळ येते. मॉर्फिन, ट्रॅमाडॉल यांसारखी वेदनाशामके आतडे आणखी मंदावतात, त्यामुळे बद्धकोष्ठ होऊन कळा वाढू शकतात. अशा कळा लाटांसारख्या येतात आणि वायू सरला किंवा शौचाला झाले की हलक्या होतात.

घरी काय करता येईल?

- चालणे: दिवसातून अनेक वेळा घरातल्या घरात थोडे थोडे चाला. सतत पडून राहिल्यास वायू साठून राहतो.
- कळ आल्यावर: कुशीवर झोपून गुडघे पोटाकडे घ्या आणि सावकाश श्वास घ्या. खोकताना पोटावर उशी धरा.
- शेक: कोमट पिशवी कापडात गुंडाळून थोडा वेळ ठेवा, पण जखमेवर नको. टाक्यांभोवतीची त्वचा बधिर असते. भाजले तरी कळत नाही.
- आहार: थोडे थोडे, पाच-सहा वेळा आणि चावून खा. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मऊ भात, मुगाच्या डाळीचे वरण, पेज, शिजवलेला दुधी आणि केळे सहसा सोसते. उसळी, राजमा, कोबी, कच्ची कोशिंबीर आणि सोडा काही आठवडे टाळा. दुधाने पोट फुगत असेल तर तेही थांबवा.
- शौच: कुंथू नका. उकिडवे बसणे जड जात असेल तर कमोडची खुर्ची वापरा.

पोटावर पिशवी (स्टोमा) असेल तर मका, मशरूम, ओल्या खोबऱ्याचे तुकडे, शेंगदाणे यांची विशेष काळजी घ्या. हे पदार्थ नीट चावले नाहीत तर तोंडाशी अडकू शकतात.

काय करू नये?

एरंडेल किंवा एनिमा स्वतःहून घेऊ नका. नव्या जोडावर ताण येऊ शकतो. ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळून घेऊ नका. पोटदुखीवर घरोघरी घेतली जाणारी डायसायक्लोमाइनची गोळीही डॉक्टरांना विचारूनच घ्या. ती आतड्याची हालचाल मंदावते. अडथळा असेल तर त्रास वाढतो. अनेकदा तिच्यात मेफेनॅमिक ॲसिडसारखे वेदनाशामकही असते आणि ते प्रत्येक रुग्णाला चालत नाही.

ताबडतोब रुग्णालयात कधी जावे?

- कळांसोबत वारंवार उलट्या, विशेषतः हिरव्या रंगाच्या
- पोट फुगून टणक होणे, वायू आणि शौच दोन्ही बंद होणे
- पिशवीत काही तास काहीच न येणे आणि सोबत कळा
- न ओसरणारे, वाढत जाणारे दुखणे. हालचाल केली तरी असह्य होणे
- ताप, थंडी वाजणे, धाप किंवा नाडी जलद होणे
- शौचातून बरेच रक्त, किंवा जखमेतून पू अथवा मळ येणे

यातली पहिली तीन लक्षणे अडथळ्याकडे बोट दाखवतात. वाढते दुखणे, ताप आणि जलद नाडी असेल तर जोडातून गळतीची शंका घ्यावी लागते. गळती बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत होते. यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका, खाणेपिणे थांबवा आणि निघा. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करता येतो. डिस्चार्ज कार्ड सोबत न्या.

महिन्यांनंतरही कळा येत असतील तर?

शस्त्रक्रियेनंतर पोटात आतडी एकमेकांना चिकटू शकतात आणि त्यामुळे वर्षांनंतरही अडथळा येऊ शकतो. लहान आतड्याचा शेवटचा भाग काढला असेल तर पित्तक्षार मोठ्या आतड्यात उतरून जुलाब आणि मुरडा होतो. त्यावर वेगळे औषध आहे. कळ कधी आली, आधी काय खाल्ले, शौच कसे झाले हे वहीत लिहून ठेवा. तपासणीच्या वेळी ही नोंद डॉक्टरांना फार उपयोगी पडते.