जैववायूवर थेट चालणारा घन ऑक्साइड इंधन घट : दोन प्रवाहांचा इतिहास

प्रस्तावना :

इंधन घटाचा इतिहास सांगणारी पुस्तके बहुधा इ.स. १८३९ मधील विल्यम ग्रोव्ह यांच्या प्रयोगापासून आरंभ करतात आणि अपोलो अंतराळयानापर्यंत येऊन थांबतात. जैववायूचा इतिहास सांगणारी पुस्तके शेणापासून आरंभ करतात आणि ग्रामीण चुलीपाशी थांबतात. पहिला इतिहास प्रयोगशाळेचा व दुसरा शेतघराचा, अशी जणू विभागणीच झालेली आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र हे दोन प्रवाह एकत्र आले. इंग्लंडमधील कील विद्यापीठात सडलेल्या कचऱ्यातून निघणारा वायू एका लहान सिरॅमिक नळीत सोडून त्यापासून वीज निर्माण करण्यात आली. या घटनेकडे केवळ तांत्रिक प्रगती म्हणून न पाहता तिच्यामागील ऐतिहासिक प्रक्रियेचा मागोवा घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

येथे ‘थेट’ या शब्दाचा अर्थ प्रथम स्पष्ट करणे आवश्यक आहे. सामान्यतः मिथेनयुक्त वायू इंधन घटास पुरवण्यापूर्वी वेगळ्या संयंत्रात वाफेच्या साहाय्याने त्याचे हायड्रोजनमध्ये रूपांतर केले जाते. हे वेगळे संयंत्र टाळून, मिथेन व कार्बन डाय-ऑक्साइड यांचे मिश्रण तसेच घटात सोडणे आणि रूपांतराची क्रिया घटाच्या आतच घडू देणे, यास थेट वापर म्हणतात.

मातुंग्याचा वायू व एका सनावळीचा प्रश्न :

भारतातील जैववायूच्या इतिहासाचा आरंभबिंदू म्हणून मुंबईतील मातुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रयस्थानाचा उल्लेख सर्वत्र केला जातो. परंतु तारखेबाबत ग्रंथांत एकवाक्यता नाही. अनेक पाठ्यपुस्तकांत व परदेशी ग्रंथांतही इ.स. १८५९ हे वर्ष दिलेले आढळते, तर इतरत्र इ.स. १८९७ हे वर्ष दिले जाते. पहिले वर्ष एका ग्रंथातून दुसऱ्या ग्रंथात निमूटपणे उतरत गेले असावे. कारण ते तपासून पाहणे मुळीच अवघड नाही. मातुंग्याचे हे आश्रयस्थान मुंबईचे तत्कालीन महापालिका आयुक्त एच. ए. ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने इ.स. १८९० मध्ये उभे राहिले. जी संस्था १८९० मध्ये स्थापन झाली, तिच्या आवारात १८५९ मध्ये वायू तयार होणे शक्य नाही. याशिवाय दुसरा पुरावा तंत्राच्या बाजूचा आहे. मैला बंदिस्त टाकीत कुजवण्याच्या ज्या पद्धतीतून असा वायू गोळा करता येतो, ती सेप्टिक टाकी डोनाल्ड कॅमेरॉन यांनी इंग्लंडमधील एक्झेटर शहरात इ.स. १८९५ च्या सुमारास प्रचारात आणली आणि तेथील वायूवर दिवेही लावले. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांत मुंबईत तोच प्रयोग होणे हे वसाहतकालीन नगर-अभियांत्रिकीच्या वाटचालीशी सुसंगत आहे. त्याच्या छत्तीस वर्षे आधी होणे नव्हे. म्हणून १८९७ हेच वर्ष ग्राह्य धरले पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हा प्रश्न केवळ सनावळीचा नाही. १८५९ हे वर्ष मान्य केले की भारत या तंत्राचा जगातील आद्य प्रवर्तक ठरतो, आणि ते सुखावह वाटते. १८९७ मान्य केले की वेगळे, अधिक खरे चित्र समोर येते. समाजाने बाहेर काढलेल्या माणसांच्या वस्तीत, त्यांच्याच मैल्याची विल्हेवाट लावण्याच्या निकडीतून हा वायू हाती आला. पुढे १९५० च्या दशकात जशभाई पटेल यांनी तरंगत्या टाकीचे संयंत्र तयार केले, खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्याचा प्रसार केला आणि मैल्याची जागा शेणाने घेतली. त्याबरोबर लाभधारकही बदलला. ज्याच्या गोठ्यात जनावरे, त्याच्याच घरी वायू, असे समीकरण रूढ झाले.

दिव्यापासून घटापर्यंत :

मातुंग्यात वायूचे दिवे लागले त्याच १८९७ साली जर्मनीत ग्योटिंगेन येथे वाल्थर नेर्न्स्ट यांनी एका नव्या विद्युत् दिव्याचे पेटंट घेतले. त्यांच्या दिव्यात धातूची अथवा कार्बनची तार नव्हती, तर धातूंच्या ऑक्साइडांपासून केलेली बारीक कांडी होती. झिर्कोनियम ऑक्साइड सुमारे ८५ टक्के व यट्रियम ऑक्साइड सुमारे १५ टक्के हे त्यातील प्रसिद्ध मिश्रण ‘नेर्न्स्ट द्रव्य’ या नावाने ओळखले गेले. थंड असताना ही कांडी विजेला अडवते, पण तापवल्यावर तिच्यातून प्रवाह वाहू लागतो व ती शुभ्र प्रकाश देते. त्यामुळे दिवा लावण्यापूर्वी कांडी तापवावी लागे. पुढे टंगस्टनच्या तारेचे दिवे आले आणि ही गैरसोय सोसण्याचे कोणास कारण उरले नाही.

दोन्ही घटनांचे वर्ष एकच असणे हा निव्वळ योगायोग आहे व त्यातून कोणताही कार्यकारणभाव काढणे अनैतिहासिक ठरेल. तथापि शंभर वर्षांनी ज्या दोन वस्तू एकाच नळीत एकत्र आल्या, त्या दोन्हींचा पहिला उपयोग अंधार दूर करण्यासाठी झाला होता, एवढे नमूद करण्यास हरकत नसावी.

नेर्न्स्ट यांचा दिवा विस्मरणात गेला, परंतु त्यांचे द्रव्य टिकले. त्या द्रव्यातून इलेक्ट्रॉन नव्हे तर ऑक्सिजनचे आयन प्रवास करतात, हे पुढे लक्षात आले. १९३५ मध्ये वाल्टर शॉट्की यांनी हे द्रव्य इंधन घटात वापरता येईल असे सुचवले व १९३७ मध्ये झ्यूरिच येथे एमिल बाउर व हान्स प्राइस यांनी सुमारे १००० अंश सेल्सिअस तापमानावर असा घट प्रत्यक्ष चालवून दाखवला. त्यांच्या घटाचा अंतर्गत रोध इतका मोठा होता की मिळणारी वीज व्यवहारोपयोगी नव्हती. आयनांचा हा प्रवास स्फटिकातील रिकाम्या जागांमधून होतो, हे स्पष्टीकरण १९४३ मध्ये कार्ल वाग्नर यांनी दिले. अमेरिकेतील वेस्टिंगहाउस कंपनीच्या वाइसबार्ट व रुका यांनी १९६२ मध्ये हायड्रोजनबरोबरच मिथेन व वाफ यांच्या मिश्रणावरही अशा घटाची चाचणी प्रसिद्ध केली. मिथेन आला, पण वाफेचा हात धरून आला.

या टप्प्यावर इतर इंधन घटांशी तुलना उद्बोधक ठरते. फ्रान्सिस बेकन यांनी १९५९ मध्ये केंब्रिजला दाखवलेला आणि नंतर अपोलो यानांसाठी आधारभूत ठरलेला घट अल्कलीचा होता. अल्कलीच्या घटास कार्बन डाय-ऑक्साइड चालत नाही, कारण त्यापासून कार्बोनेट तयार होऊन घट निकामी होऊ लागतो. बहुवारिक पटलाच्या घटास कार्बन मोनॉक्साइड बाधतो. म्हणजे इंधन घटाच्या प्रमुख परंपरेत कार्बनचे ऑक्साइड हे दोष मानले गेले आणि इंधनाची शुद्धता हा जवळजवळ शिष्टाचार झाला. जैववायूत साधारणतः ५५ ते ६५ टक्के मिथेन व उरलेला बहुतांश कार्बन डाय-ऑक्साइड असतो. या परंपरेच्या दृष्टीने तो अर्धाअधिक कचराच ठरतो. घन ऑक्साइड घटाने नेमकी हीच समजूत उलटवली.

कील येथील प्रयोग :

स्टॅफर्डशायर परगण्यातील कील विद्यापीठात जॉन स्टॅनिफर्थ व केव्हिन केंडल यांनी लहान नळीच्या आकाराच्या घन ऑक्साइड घटावर जैववायू चालवल्याचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध केले. २००० मध्ये त्याच परगण्यातील कॅनॉक येथील कचराभूमीच्या वायूवरील अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर स्टॅनिफर्थ व मार्क ऑर्मरॉड यांनी घटाच्या आत घडणाऱ्या रासायनिक क्रियेचा तपशील मांडला. त्यांचा एक निष्कर्ष विशेष लक्षणीय आहे. घटातून सर्वाधिक शक्ती मिळाली ती वायूत मिथेन सर्वाधिक असताना नव्हे, तर ते सुमारे ४५ टक्के असताना. इतकेच नव्हे, ज्या पातळ वायूवर इंजिन चालत नाही, त्यावरही हा घट वीज देत राहिला.

वरवर विसंगत वाटणारा हा निष्कर्ष साध्या हिशेबाने समजतो. तप्त निकेलच्या सान्निध्यात मिथेनचा एक रेणू व कार्बन डाय-ऑक्साइडचा एक रेणू मिळून कार्बन मोनॉक्साइडचे दोन व हायड्रोजनचे दोन रेणू देतात, आणि हे दोन्ही वायू या घटाचे इंधन आहेत. शंभर रेणूंच्या वायूत मिथेन ६० व कार्बन डाय-ऑक्साइड ४० असेल, तर कार्बनचे अणू शंभर, पण ऑक्सिजनचे अणू ऐंशीच. उरलेल्या कार्बनला जोडीदार मिळत नाही व तो काजळी होऊन निकेलवर साचतो. हेच प्रमाण ४५ व ५५ असे असेल, तर ऑक्सिजनचे अणू एकशे दहा होतात. सर्व मिथेनला जोडीदार मिळून थोडा कार्बन डाय-ऑक्साइड शिल्लक राहतो. शेणाच्या वायूत ऑक्सिजनची ही तूट किंचितच असते. वायूत थोडी हवा मिसळून किंवा घटातून सतत प्रवाह घेऊन ती भरून काढता येते, कारण प्रवाह वाहत असताना हवेच्या बाजूने ऑक्सिजनचे आयन येतच असतात. घट नुसता तापवून ठेवला व वीज घेतली नाही, तर मात्र काजळीचा धोका वाढतो. चुलीवर रिकामे भांडे ठेवू नये, तसेच हे.

अडचणी तीन आहेत. पहिली हायड्रोजन सल्फाइडची. अंड्याच्या कुजक्या वासाचा हा वायू दहा लाखांत काही भाग इतका असला तरी निकेलची क्रियाशीलता घटवतो, आणि जैववायूत तो शेकडो, कधी हजारो भाग असतो. तो काढल्यावाचून ‘थेट’ वापर शक्य नाही. म्हणजे ‘थेट’ या शब्दासही मर्यादा आहे. लोखंडाच्या गंजातून वायू गाळण्याचा जुना उपाय त्यास काही अंशी पुरतो, पण घटाच्या अपेक्षेइतकी शुद्धी आणण्यास पुढे सक्रियित कोळसा लागतो. दुसरी अडचण उष्णतेची. घटातील ही रूपांतरक्रिया उष्णता शोषते, त्यामुळे वायू शिरतो ते टोक थंड व उरलेला भाग तप्त राहून सिरॅमिकला तडा जाऊ शकतो. तिसरी नेर्न्स्ट यांच्या दिव्याचीच : काम सुरू करण्यापूर्वी घट तापवावा लागतो.

पुरा व कोलेग्नो :

या तंत्राचे मोल जोखण्यासाठी कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यातील पुरा या खेड्याचा दाखला उपयुक्त आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील ए. के. एन. रेड्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे सामूहिक जैववायू संयंत्र उभारले. मूळ उद्देश प्रत्येक घरास स्वयंपाकासाठी वायू देण्याचा होता. गावातील शेण तितक्या वायूला पुरेना. तेव्हा योजनेची दिशा बदलून १९८७ पासून त्याच वायूवर डिझेल इंजिन चालवून घरोघरी दिवे व नळाचे पाणी देण्यात आले. शेण देणाऱ्यास खताचा राळ परत मिळे आणि दिवे व पाणी जनावरे नसलेल्या घरांनाही मिळे. गोठ्याशी बांधलेला वायू विजेच्या रूपाने गोठा नसलेल्यांपर्यंत पोहोचला, ही त्या प्रयोगाची खरी ऐतिहासिक नोंद होय. आपल्याकडील ग्रामीण ऊर्जेच्या चर्चेत तिला मिळायला हवे तितके स्थान मिळालेले नाही.

आता प्रश्न कार्यक्षमतेचा. अशी लहान इंजिने इंधनातील ऊर्जेच्या साधारण पाव भागाचीच वीज करतात, आणि त्यातही डिझेलची जोड लागते. घन ऑक्साइड घट निम्म्याच्या आसपास वीज देऊ शकतो. तितक्याच शेणात दुप्पट वीज, तीही डिझेलवाचून, असा याचा अर्थ होतो. ज्या गावात शेण हीच मर्यादा होती, तेथे हा फरक केवळ आकड्यांचा राहत नाही.

तथापि आजवरचा व्यवहार वेगळ्या दिशेने गेलेला दिसतो. या तंत्राचा युरोपातील मोठा प्रयोग इटलीत तुरिनजवळच्या कोलेग्नो येथील सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात झाला. युरोपीय संघाच्या साहाय्याने २०१५ मध्ये हाती घेतलेल्या या प्रकल्पात फिनलंडच्या कॉनव्हियन कंपनीचे घट बसवण्यात आले व पहिला संच २०१७ मध्ये सुरू झाला. तेथील वायूत गंधकाबरोबरच सिलोक्सेन ही संयुगेही असतात. शाम्पू व सौंदर्यप्रसाधनांतून ती सांडपाण्यात उतरतात आणि घटात त्यांची वाळू होऊन बसते. त्यामुळे शुद्धीकरणाची व्यवस्था हा या प्रकल्पाचा मोठा भाग होऊन बसला. शेणाच्या वायूत हा दुसरा उपद्रव जवळजवळ नसतो. या एका बाबतीत खेड्यातील वायू शहरातील वायूपेक्षा घटास अधिक मानवणारा आहे. व्हिएतनाममधील मेकाँग त्रिभुज प्रदेशात बेन त्रे येथे जपानच्या क्युशू विद्यापीठाने कोळंबी संवर्धनाच्या तळ्यांतील गाळ वापरून केलेला प्रयोग मात्र पुराच्या अधिक जवळचा आहे. तेथे वीज हवी असते ती तळ्यांत हवा खेळवण्यासाठी, आणि गाळ काढण्याचा खर्च तसाही शेतकऱ्यावर असतोच.

कोलेग्नोतील घटाची उष्णताही वाया जात नाही. तीवर पाचक टाक्यांतील गाळ कोमट ठेवला जातो, म्हणजे हिवाळ्यातही त्यातून वायू निघत राहतो.