नॅनो तंत्रज्ञानाची कुळकथा

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाच्या केसाची जाडी ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर भरते, तर डीएनएच्या पिळाची रुंदी जेमतेम २. साधारण १ ते १०० नॅनोमीटरच्या टप्प्यात पदार्थ घडवणे, न्याहाळणे आणि वापरणे याला नॅनो तंत्रज्ञान म्हणतात. या टप्प्यात पदार्थ नुसता लहान होत नाही, त्याचा स्वभावच पालटतो. कणातल्या एकूण अणूंपैकी पृष्ठभागावर येणाऱ्या अणूंचे प्रमाण वाढते, त्यामुळे रासायनिक क्रिया जलद होतात. इलेक्ट्रॉनांना वावरायला जागा अपुरी पडते, आणि पदार्थाचे प्रकाशाशी व विजेशी असलेले नाते बदलते. सोने याचे सर्वांत जुने उदाहरण आहे. त्याचे अतिसूक्ष्म कण पिवळे नव्हे, माणकासारखे लाल दिसतात.

रोमन कारागिरांना हा लाल रंग ठाऊक होता, कारण ठाऊक नव्हते. ब्रिटिश म्युझियममधला चौथ्या शतकातला ‘लायकर्गस’ चषक समोरून उजेड पडला की हिरवा दिसतो आणि आत दिवा ठेवला की लाल. काचेत मिसळलेल्या सोन्या-चांदीच्या ५० ते १०० नॅनोमीटरच्या कणांमुळे हे घडते. दक्षिण भारतातल्या वुट्झ पोलादाशी नाते सांगणाऱ्या दमास्कस तलवारींपैकी एकीत जर्मन संशोधकांना २००६ मध्ये कार्बनच्या नॅनोनलिका आढळल्या. मात्र एवढ्यावरून प्राचीनांना नॅनो तंत्रज्ञान अवगत होते म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. त्यांना कृती साधली होती. कणांवर ताबा नव्हता.

कारणाचा शोध मायकेल फॅरडे यांनी सुरू केला. १८५७ मध्ये त्यांनी सोन्याच्या क्षारापासून लाल द्रव बनवला आणि हा रंग डोळ्यांना न दिसणाऱ्या सोन्याच्या कणांचाच असल्याचे मांडले. त्यांच्या काही बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवलेल्या आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी रिचर्ड झिगमोंडी यांनी अशा कणांनी विखुरलेला प्रकाश टिपणारा अतिसूक्ष्मदर्शक घडवला, आणि १९०८ मध्ये गुस्ताव मी यांनी रंगाचे गणित मांडले.

पुढचा टप्पा बहुतेक पुस्तकांत रिचर्ड फाइनमन यांच्या भाषणाने सुरू होतो. २९ डिसेंबर १९५९ रोजी कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये त्यांनी अणू एकेक करून हवे तसे मांडता येतील, अशी कल्पना मांडली आणि हजार डॉलरची दोन बक्षिसे जाहीर केली. सुमारे ०.४ मिलिमीटरच्या विजेच्या मोटारीचे बक्षीस विल्यम मॅक्लेलन यांनी वर्षभरातच पटकावले, तेही चिमटा आणि सूक्ष्मदर्शक अशा नेहमीच्या साधनांनी. नवे तंत्र जन्माला येईल ही फाइनमन यांची अपेक्षा त्यामुळे फोलच ठरली. पुढची दोन दशके हे भाषण फारसे कोणी वाचलेही नाही. मूळपुरुषाचा मान फाइनमन यांना बराचसा मागाहून मिळालेला आहे. ‘नॅनोटेक्नॉलॉजी’ ही संज्ञा १९७४ मध्ये नोरिओ तानिगुची यांनी अतिअचूक यंत्रकामासाठी वापरली. ती लोकांपर्यंत नेली एरिक ड्रेक्सलर यांच्या १९८६ च्या पुस्तकाने.

खरे वळण १९८१ चे. आयबीएमच्या झुरिक प्रयोगशाळेत गेर्ड बिनिग आणि हाइनरिश रोरर यांनी स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शक बनवला. त्याची धातूची सुई इतकी टोकदार की टोकावर जवळपास एकच अणू. ती पृष्ठभागाच्या नॅनोमीटरभर जवळ नेली की मधल्या पोकळीतून इलेक्ट्रॉन पलीकडे जातात. अंतर ०.१ नॅनोमीटरने वाढले तरी हा प्रवाह सुमारे दहापटीने घटतो. या नाजूकपणामुळेच अणूंचे उंचवटे टिपता येतात. १९८६ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. १९८९ मध्ये डॉन आयग्लर यांनी अशाच सुईने झेनॉनचे ३५ अणू सरकवून ‘आयबीएम’ ही अक्षरे लिहिली.

नवे पदार्थही मिळू लागले: १९८५ मध्ये ६० अणूंचा कार्बनगोल फुलेरीन, १९९१ मध्ये सुमिओ इइजिमा यांनी वर्णिलेल्या नॅनोनलिका, २००४ मध्ये कार्बनचा एका अणूइतका जाड पापुद्रा ग्राफीन. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी गवती चहाच्या पानांच्या अर्कातून सोन्याचे चपटे त्रिकोणी नॅनोकण मिळवले. हे काम २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. भारत सरकारचे ‘नॅनो मिशन’ २००७ चे.

वापराची यादी मोठी आहे, पण वजन सारखे नाही. औषधात हे तंत्र पक्के रुजले आहे: कर्करोगाचे औषध मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत भरून देणारे ‘डॉक्सिल’ १९९५ पासून अमेरिकेत आहे, आणि कोविडच्या एमआरएनए लशी मेदाच्या नॅनोकणांतूनच पेशीत पोहोचतात. टीव्हीच्या पडद्यांतले क्वांटम बिंदू हे नॅनोकण आकारानुसार रंग बदलतात. लहान निळे, मोठे लाल. त्यांच्या शोधाला २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. २००९ च्या ‘टाटा स्वच्छ’ गाळणीत भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे नॅनोकण बसवलेले होते. शेतीत दावे अधिक आणि पुरावे तोकडे आहेत. खत सहकारी संस्था इफ्कोने २०२१ मध्ये आणलेल्या नॅनो युरियाची ५०० मिलिलिटरची बाटली साध्या युरियाच्या ४५ किलोच्या गोणीची जागा घेईल असे सांगितले गेले. पंजाब कृषी विद्यापीठाच्या चाचण्यांत मात्र भात आणि गहू दोन्हींचे उत्पादन घटले. सुरक्षिततेचा प्रश्नही जोडलेला आहे. खाद्यपदार्थ पांढरे करणाऱ्या टायटेनियम डायऑक्साइडमध्ये काही भाग नॅनोकणांचा असतो. जनुकांना हानीची शक्यता नाकारता येत नसल्याने युरोपीय संघाने २०२२ मध्ये खाण्यातला त्याचा वापर बंद केला.