वैल: घोड नदीच्या उगमापासून मंद आचेचा इतिहास

१/ घोड नदीचा उगम आहुप्याच्या डोंगरात होतो. आंबेगाव तालुक्याचे हे पश्चिम टोक. पलीकडे कडा तुटतो आणि खाली मुरबाडचा मुलूख दिसतो. वस्ती प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची. पिके भात, नाचणी, वरई, सावा. आजचा धागा या सह्यमाथ्यावरील स्वयंपाकघरातील एका दुर्लक्षित वस्तूविषयी आहे: चुलीच्या अंगाचा वैल.

२/ ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: चुलीच्या मुख्य तोंडाशी लाकडे जळतात. भांड्याखालून निसटणारी धग मातीतल्या आडव्या पोकळीतून बाजूच्या दुसऱ्या तोंडाकडे जाते. तोच वैल. उच्चार गावागणिक बदलतो; कुठे वईल, कुठे औल. वैलाला स्वतंत्र सरपण लागत नाही. पुढे भाकरी भाजली जात असताना मागे डाळ, दूध किंवा पाणी त्याच जाळावर तापत राहते.

३/ यामागचे शास्त्र सोपे आहे. पाणी एकदा उकळू लागले की जाळ कितीही वाढवा, त्याचे तापमान वाढत नाही. वाढते ती फक्त वाफ. डोंगरमाथ्यावर तर पाणी शंभर अंशांच्या थोडे आधीच उकळते, त्यामुळे कडधान्य शिजायला अधिक वेळ लागतो. म्हणून मोठ्या जाळावर आधण आणायचे आणि पुढचे काम वैलाच्या धगीवर किंवा निखाऱ्यांवर सोपवायचे. मंद आच म्हणजे सरपणाचा चोख हिशेब.

४/ हा हिशेब कोणाच्या डोक्यावर होता? शब्दशः बायकांच्या. सरपणाची मोळी डोक्यावरून यायची आणि धुवाधार पावसाआधी ती घरात रचलेली असावी लागे. भाताच्या लावणीच्या दिवसांत दिवस चिखलात जायचा. अशा घराला हवे असते ते फार देखरेख न मागणारे अन्न: पेज, आंबील, घाटा, वैलावर शिजणारी आमटी, फुफाट्यात भाजलेले कंद.

५/ आता नदीबरोबर खाली उतरू. याच घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही या कामातली प्रमुख नावे. इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची ही वसाहत. तिच्या घरांत चुली आणि विस्तवाचे खड्डे सापडले. ‘घरोघरी मातीच्या चुली’ ही म्हण या नदीकाठी तीन हजार वर्षांहून जुनी वस्तुस्थिती आहे.

६/ लिखित साधनांत मात्र चूल क्वचितच दिसते. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या भोजनाचे सविस्तर वर्णन येते. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ मराठीत छापले गेले. दोन्हींकडे लक्ष पदार्थावर आहे. तो ज्या विस्तवावर शिजतो, तो विस्तव घडवणारी बाई कोणत्याच पानावर नावाने येत नाही.

७/ सरपणाला राजकीय इतिहासही आहे. आहुप्यात देवराई आहे आणि देवराईत कुऱ्हाड चालवू नये हा सह्याद्रीतील जुना दंडक. १८७८ च्या वनकायद्याने दुसऱ्या प्रकारची बंधने आणली: जंगलांची राखीव, संरक्षित व ग्राम अशी वर्गवारी झाली आणि लाकूडफाटा हा सरकारी परवानगीचा विषय बनला. १८८३ मध्ये लिहून झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये महात्मा फुल्यांनी जंगल खात्यावर टीका केली, तिचा रोख याच जाचाकडे होता.

८/ शहरांत हीच कल्पना वेगळ्या रूपाने आली. १९१० साली कोलकात्यात डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी इकमिक कुकर तयार केला. एका नळकांड्यात डब्यांवर डबे, तळाशी मोजके कोळसे. भात, डाळ, भाजी एकाच धगीवर वाफेत शिजायची आणि जवळ बसून राहावे लागत नसे. हे नाव मराठी घरांतही रुळले.

९/ अमेरिकेत शिकागोच्या अर्व्हिंग नॅक्सन यांना १९४० साली विजेच्या मंद शिजवणाऱ्या भांड्याचे पेटंट मिळाले. प्रेरणा आईच्या आठवणीची होती. तिच्या लिथुआनियातील गावी ज्यू कुटुंबे शुक्रवारी संध्याकाळी चोलंट या पदार्थाची भांडी भटारखान्याच्या निवत्या भट्टीत ठेवत, कारण शब्बाथला विस्तव पेटवणे निषिद्ध. उरलेल्या उष्णतेवर रात्रभर जेवण शिजे. १९७१ मध्ये हेच यंत्र ‘क्रॉक-पॉट’ नावाने बाजारात आले आणि नोकरी करणाऱ्या स्त्रियांमध्ये लोकप्रिय झाले.

१०/ दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. भटारखान्याची निवती भट्टी आणि आहुप्याचा वैल यांचे तत्त्व एकच: वाया जाणाऱ्या धगीला कामाला लावणे. गरजही एकच: दिवसभर बाहेर राबून आलेल्या बाईला घरी शिजलेले अन्न मिळावे. एका कल्पनेला पेटंट, कंपनी आणि जाहिरात मिळाली. दुसरी सासूकडून सुनेकडे मातीच्या गोळ्यातून पोचत राहिली.

११/ पण वैलाचे गोडवे गाताना धूर विसरता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. सर्वाधिक धूर वाट्याला येतो तो बायका आणि लहान मुलांच्या. गॅस आल्यावर चूल फोडणाऱ्या बाईला ‘परंपरा मोडली’ असे सुनावण्याचा अधिकार इतिहासाच्या विद्यार्थ्याला नाही.

१२/ धूर टाळून धगीचा हिशेब ठेवता येतो का? पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने, म्हणजे समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने, याचे एक उत्तर शोधले. डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने तेथे उसाच्या पाचटापासून कोळसा बनवण्याची पद्धत विकसित झाली आणि २००२ साली तिला अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. त्या कोळशावर चालणाऱ्या ‘सराई’ कुकरमध्ये सुमारे १०० ग्रॅम इंधनात एका कुटुंबाचे जेवण शिजते. मल्लिकांच्या नळकांड्याचे हे नवे रूप.

१३/ इनामगावच्या चुली आपल्याला सापडल्या, कारण वस्ती उठली आणि त्या मातीखाली झाकल्या गेल्या. आजची चूल अशी सापडणार नाही. ती फुटते, अंगणात भिजते, पुन्हा माती होते. घोडवरच्या डिंभे धरणात मूळ आंबेगाव बुडाले. त्याच्या चुलींचेही तेच झाले असणार.

१४/ म्हणून या सुट्टीत गावी गेलात तर किल्ल्याबरोबर चुलीचीही नोंद करा. वैल मुख्य तोंडापासून किती अंतरावर आहे, माती कुठून आणली, तिच्यात तूस घातले की शेण, त्यावर काय शिजायचे आणि ती कोणी घातली. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पूर्ण नावानिशी लिहा.