उल्लेखांची मोजणी आणि कार्याचे मोल

आपल्या आजी-आजोबांच्या बोलण्यात ‘पटकी’ हा शब्द आला की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राही. सकाळी शेतावर गेलेला धडधाकट माणूस रात्रीपर्यंत हाती लागत नसे. या रोगाचे मर्म ज्यांनी उलगडले, त्या डॉ. शंभुनाथ डे यांचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? त्यांची कहाणी आम्ही येथे सांगत आहोत ती केवळ वैद्यकाचा इतिहास म्हणून नव्हे. माणसाच्या कार्याचे मोल कसे व केव्हा ठरते, हा प्रश्न तिच्या पोटात दडला आहे.

डे यांचा जन्म १९१५ साली बंगालच्या हुगळी जिल्ह्यातील एका खेड्यात झाला. कलकत्त्यात वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते पुढे लंडनला गेले व १९४९ साली डॉक्टरेट मिळवून परतले. पटकीचा प्रश्न तेव्हा मोठा विलक्षण होता. रॉबर्ट कॉक यांनी १८८४ साली कलकत्त्यातच या रोगाचे जंतू ओळखले होते आणि ते विष निर्माण करीत असावेत, असा तर्कही केला होता. परंतु पुढची सत्तर वर्षे ते विष कोणाच्या हाती लागले नाही. संशोधक जंतूंचा अर्क प्राण्यांच्या रक्तात वा उदरपोकळीत टोचीत राहिले. रोग आतड्यात होतो, तर शोधही आतड्यातच घ्यावा, ही साधी गोष्ट डे यांनी हेरली.

१९५३ साली त्यांनी आपल्या एका सहकाऱ्याबरोबर सशाच्या लहान आतड्याचा एक भाग दोन्ही टोकांना बांधून त्यात जंतू सोडले. तो भाग तांदळाच्या धुवणासारख्या पाण्याने फुगला. पटकीच्या रोग्याला होतात तसेच ते पाणी होते. १९५९ साली त्यांनी पुढचे पाऊल टाकले. जंतू गाळून काढलेला, अगदी निर्जंतुक द्रव त्याच रीतीने आतड्यात सोडला, तरी परिणाम तोच! अर्थात, रोग घडविणारे ते विषच होते. ‘नेचर’ या नियतकालिकात अवघ्या दोन पानांत हा शोध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी आपल्या परळच्या हाफकिन संस्थेत दत्ता, पानसे व कुलकर्णी यांनीही सशाच्या पिलांवर प्रयोग करून याच विषाकडे बोट दाखविले, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे.

त्या दोन पानांची जगाने लगेच दखल घेतली काय? नाही. आरंभीची कित्येक वर्षे त्यांचा फारसा उल्लेख झाला नाही. डे १९७३ साली निवृत्त झाले. १९७८ साली स्टॉकहोम येथील नोबेल परिसंवादाचे निमंत्रण त्यांना आले, आणि नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचे नाव पारितोषिकासाठी सुचविले. पारितोषिक मात्र मिळाले नाही. मायदेशातील एकाही विज्ञान अकादमीने त्यांना कधी सदस्य करून घेतले नाही. १९८५ साली ते निवर्तले.

आता या कथेतील दुसरा माणूस. एखाद्या शोधनिबंधाचा उल्लेख पुढच्या किती निबंधांत झाला, याची पद्धतशीर सूची अमेरिकेतील यूजीन गारफिल्ड यांनी १९६० च्या दशकात सुरू केली. डे यांच्या मृत्यूनंतर वर्षभरातच, १९८६ साली, त्यांनी पटकीवरील संशोधनाचा आलेख मांडला. प्रथम दुर्लक्षित राहिलेला डे यांचा निबंध पटकीच्या इतिहासातील मैलाचा दगड ठरल्याचे त्यांनी दाखवून दिले. १९९० साली ‘करंट सायन्स’ने डे यांच्या स्मरणार्थ विशेषांक काढला.

म्हणून मोजणीला सरसकट नावे ठेवण्याची आमची इच्छा नाही. विसरलेल्या माणसाला न्याय देण्याचे काम तिनेच तर केले. पण ती मोजते तो हाकेचा प्रतिध्वनी. आणि डोंगर दूर असला की प्रतिध्वनी उशिरा येतो. आज नेमणुका, बढत्या व अनुदाने या उल्लेखसंख्येवर तोलली जातात. २००५ पासून तर संशोधकाचे सारे आयुष्य एकाच निर्देशांकात बसविण्याची सोय झाली आहे. १९६५ साली कोणी डे यांना या तराजूत घातले असते, तर पारडे किती खाली गेले असते?

दुसरा तराजूही आहे. पटकीत आतड्याचे अस्तर नष्ट होत नाही, विषाच्या प्रभावाने ते पाणी व क्षार बाहेर टाकते, हे जसजसे उमगले, तसतसा तोंडाने मीठ-साखरेचे पाणी देण्याचा उपचार शास्त्रीय पायावर उभा राहिला. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी तो वापरून असंख्य जीव वाचविले. त्या वाचलेल्यांनी कोणत्याही निबंधात कोणाचा उल्लेख केला नाही.

आपल्या धर्मग्रामांतील अनेक मुलेमुली आज प्रयोगशाळांत काम करीत आहेत. त्यांच्या आईवडिलांनी ‘किती निबंध झाले?’ असे जरूर विचारावे. पण त्याआधी ‘कोणता प्रश्न हाती घेतला आहेस?’ हे विचारावे. पेरणाऱ्याला मळणी पाहायला मिळेलच असे नाही, म्हणून पेरणी कोणी थांबवीत नाही.