टेस्ला आणि तासणी

पेडण्याच्या सुताराच्या हातात तासणी असते आणि रुग्णालयातल्या एमआरआय यंत्रावर 1.5 टेस्ला हा आकडा. हे दोन्ही शब्द एकाच घराण्यातले आहेत, हे कळलं तेव्हा मी थरारलो. ज्यांच्या नावावरून हे एकक आलं, त्या संशोधक निकोला टेस्ला यांचं आडनाव सर्बियन. त्या भाषेत 'टेस्ला' म्हणजे लाकूड तासण्याचं हत्यार. मुळाशी स्लाव धातू, अर्थ तासणे. संस्कृतातला 'तक्ष्' त्याचाच भाऊ. त्यातूनच आपलं 'तासणे' आलं, 'तक्षक' म्हणजे सुतारही.

चुंबकीय क्षेत्राच्या एककाला टेस्ला हे नाव 1960 मध्ये मिळालं. फ्रान्स आव्चिन या स्लोव्हेनियन अभियंत्याने ते सुचवलं. त्याआधी चालणारं गॉस हे फार लहान माप: 1 टेस्ला म्हणजे 10,000 गॉस. पृथ्वीचं क्षेत्र तर आपल्याकडे अर्ध्या गॉसहूनही कमी, म्हणून खनिजांचा शोध घेणारे सर्वेक्षक ते नॅनोटेस्लात मोजतात. गोव्यातल्या डिचोलीच्या खाणीतलं लोहखनिज बहुतेक हेमॅटाइट. लोहचुंबकाला ते फारशी दाद देत नाही. जिथे मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असतं, तिथे मात्र मापकावरचा नॅनोटेस्लांचा आकडा ठळकपणे बदलतो.