एका पावसाळ्याची पदवी

मराठीने ज्या पक्ष्याला ‘सुगरण’ असे स्त्रीलिंगी नाव दिले, त्या पक्ष्याचे घरटे विणतो नर. १९३० च्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या किहीम गावी सालिम अली यांनी सुगरणींची एक वसाहत दिवसामागून दिवस न्याहाळली. बर्लिनमध्ये पक्षिशास्त्राचे धडे घेऊन ते नुकतेच परतले होते आणि मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील त्यांची नोकरी निधीअभावी संपुष्टात आली होती. हाताशी वेळ होता आणि डोळ्यांसमोर एक प्रश्न. नर अर्धे घरटे विणून थांबतो. मादी येऊन ते पारखते आणि पसंत पडले तरच तेथे नांदू लागते. मग नर ते पूर्ण करून दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे मांडतो, हे त्या एका पावसाळ्यात उलगडले. मात्र हाती विद्यापीठाची रीतसर पदवी नाही, म्हणून याच माणसाला भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेतील पक्षितज्ज्ञाचे पद मिळाले नव्हते.

पर्यावरणशास्त्रातील संशोधनाधिष्ठित पदव्युत्तर पदवीचा आपल्या देशातील इतिहास समजून घ्यायचा, तर ही विसंगती आठवावी. निरीक्षण आधी आले, पदवी मागाहून.

पुढे मुंबई विद्यापीठाने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला पक्षिशास्त्रातील संशोधनाद्वारे एम.एस्सी. व पीएच.डी. करण्याचे केंद्र म्हणून मान्यता दिली आणि पदवीवाचून अडलेले सालिम अली इतरांच्या पदव्यांचे मार्गदर्शक झाले. त्यांच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकी विजयकुमार आंबेडकर यांनी विषय घेतला तो सुगरण आणि तिच्या भाऊबंदांचाच. भारतीय सुगरण पक्ष्यांवरील त्यांचा ग्रंथ १९६४ मध्ये मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केला.

दुसरा प्रवाह वाराणसीचा. लीड्स विद्यापीठातून १९३७ मध्ये डॉक्टरेट मिळवलेल्या रामदेव मिश्र यांनी बनारस हिंदू विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात परिसंस्थाशास्त्राचे अध्यापन व संशोधन रुजवले आणि या विषयाचा देशातील पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला. त्यांच्या हाताखाली पन्नासहून अधिक संशोधकांनी पीएच.डी. केली आणि देशभरच्या विद्यापीठांत हा विषय नेला.

मग शासनालाही या ज्ञानाची गरज भासू लागली. १९७४ चा जलप्रदूषण कायदा, १९८१ चा वायुप्रदूषण कायदा, भोपाळच्या दुर्घटनेनंतर आलेला १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आणि १९९४ ची पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची अधिसूचना: या प्रत्येकासाठी मोजमाप करणारी, आकड्यांमागचा अर्थ जाणणारी माणसे हवी होती. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने १९८८ मध्ये वन्यजीवशास्त्राचा एम.एस्सी. अभ्यासक्रम सुरू केला. २००४ मध्ये बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात वन्यजीव व संवर्धनाचा अभ्यासक्रम आला. दोन्हींचा कणा एकच: वर्गात पद्धती शिकायच्या आणि अखेरीस स्वतःच्या प्रश्नासाठी रानात उतरून प्रबंध लिहायचा.

हे काम बाहेरून वाटते तितके सरळ नसते. अभयारण्यात काम करायचे तर आधी वनखात्याची परवानगी लागते. नमुने किती घ्यावेत, कोठे घ्यावेत, हे संख्याशास्त्र ठरवते. ते कधी घ्यावेत, हे मात्र ऋतू ठरवतो. नदीच्या पाण्याचा एप्रिलमधील नमुना ऑगस्टमधील पुराविषयी काहीच सांगत नाही.

आज ही चौकट पुन्हा बदलते आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनी एम.फिल. बंद झाली, पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी. यांच्यामधली संशोधनाची पायरी गेली. आयोगाच्या २०२४ च्या आराखड्यात चार वर्षांच्या पदवीनंतर एका वर्षाची पदव्युत्तर पदवी घेता येते आणि ती केवळ संशोधनातूनही पूर्ण करता येते. एका बाजूने पाहता ही सालिम अलींच्या वाटेला मिळालेली राजमान्यताच आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेऐवजी स्वतःच्या प्रश्नावर पदवी मिळू शकते.

परंतु सुगरण पावसाळ्यात घरटी बांधते आणि शैक्षणिक वर्षही पावसाळ्यातच सुरू होते. जुलै-ऑगस्टमध्ये प्रवेश घेतलेला विद्यार्थी विषय ठरवून, परवानगीचा अर्ज करीपर्यंत घरटी ओस पडू लागलेली असतात. पुढची वीण ऐन भरात येण्याआधी त्याला प्रबंध सादर करावा लागेल. किहीमला जे दिसले, ते अशा एका वर्षाच्या वेळापत्रकात मावणार नाही.

म्हणून या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्यांनी संस्थेचे नाव पाहण्याआधी एवढे विचारावे: माझा प्रश्न कोणत्या ऋतूत उत्तर देतो आणि तो ऋतू मला पूर्ण मिळेल काय? मिळत नसेल, तर दोन वर्षांचा मार्ग निवडावा किंवा पदवीच्या चौथ्या वर्षापासूनच निरीक्षणाची वही उघडावी. सालिम अलींना तो पावसाळा नोकरी गेल्यामुळे मिळाला. आपल्या विद्यार्थ्यांना तो अभ्यासक्रमाने द्यायला हवा.